जखम उघडी, झाड जिवंत: अगराच्या झाडात राळ कशी धरवायची

माझं माहेर तासगावचं, घरची द्राक्षबाग. सासर आसामात, गोलाघाटला. इथे घरामागच्या बाडीत सुपारी आहे, सुपारीवर विड्याच्या पानांचे वेल आहेत, आणि मधून मधून अगराची झाडं. अगर म्हणजे ज्याच्या राळ भरलेल्या लाकडापासून ऊद, अत्तर होतं ते झाड. त्याला इथे साँची म्हणतात. माहेरून भाच्याचा फोन आला की हल्ली एक प्रश्न हमखास असतो: "आत्या, अगरला डोस काय द्यायचा?"

त्याला बोलून उपयोग नाही. द्राक्षात वाढलेला मुलगा असाच विचार करणार. छाटणी झाली की पेस्ट लावायची, डोळे फुटतात. घड जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचे, मणी लांबतो. औषध, मात्रा, दिवस आणि निकाल. आता कर्नाटकातल्या मलनाडात आणि कोकणात लोक सुपारीत अगर लावायला लागलेत, आणि रोपं विकणारे त्यांना हाच हिशोब ऐकवतात: इतकी वर्षं, इतकी इंजेक्शनं, इतके लाख. रोप लावायचं कसं हे मी इथे सांगत नाही. ज्यांची झाडं उभी आहेत, बुंधे जाड झालेत आणि पुढे काय करायचं हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. आणि तासगावात अगर लावू नका हे आधीच सांगते. त्याला पावसाची, दमट हवेची जमीन लागते. पाणी निचरून गेलं पाहिजे, पण हवा कोरडी चालत नाही.

निरोगी अगराचं लाकूड पांढरट, हलकं आणि बिनवासाचं असतं. खोक्यांपलीकडे त्याचा उपयोग नाही. कितीही जाड झालं, कितीही वर्षं उभं राहिलं तरी नुसत्या वयाने त्यात राळ येत नाही. झाडाला जखम व्हावी लागते, तिच्यात बुरशी शिरावी लागते, आणि झाडाने ती अडवायला आजूबाजूच्या लाकडात राळ भरावी लागते. तेच काळपट, जड, वासाचं लाकूड म्हणजे अगर. चांगलं भरलेलं लाकूड पाण्यात बुडतं.

वरच्या आसामात हे काम एक पतंग करून देतो. झ्युझेरा कॉन्फर्टा हे त्याचं शास्त्रीय नाव. त्याची अळी खोडात शिरते, आत वेडीवाकडी भुयारं कोरते आणि मागे बुरशीला वाट मोकळी ठेवते. सालीवर भुशाचे दाणे दिसले की आमच्या सासूबाई खाली वाकून ते बोटांवर घ्यायच्या, चुरडायच्या, हुंगायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. त्या झाडाला मग कोणी हात लावायचा नाही. इथे मुलीच्या लग्नाचा, मुलाच्या शिक्षणाचा खर्च अशा झाडांवर निघतो. तुमच्याकडे हा किडा आपसूक येईल या भरवशावर मात्र राहू नका. तिकडे जखम तुम्हालाच करावी लागणार.

कुठे आणि कशी, हे कळायला एक गोष्ट लक्षात घ्या. बहुतेक झाडांत अन्नरस वाहून नेणारा भाग सालीच्या आत लागूनच असतो. अगरात मात्र त्याची बारीक बारीक बेटं थेट लाकडातही पसरलेली असतात. फांदी आडवी कापून भिंगाखाली धरलीत तर ठिपके दिसतील. राळ धरायला सुरुवात होते ती याच बेटांतल्या आणि आसपासच्या जिवंत पेशींत, आणि ती बनते तिथे साठवलेल्या पिष्टातून, म्हणजे स्टार्चमधून. पिष्ट संपत जातं, राळ भरत जाते.

यातून दोन नियम निघतात आणि बाकी सगळी रीत त्यांच्यावरच उभी आहे. उपाशी झाडाला टोचून काही मिळत नाही, कारण राळ करायला त्याच्याकडे माल नसतो. आणि मेलेली पेशी राळ करत नाही. जखम लवकर भरून आली तर झाड निवांत होतं, राळ थांबते. जखम इतकी मोठी झाली की आसपासचं लाकूड मेलं, तर तिथे कूज येते, अगर येत नाही. जखम उघडी राहिली पाहिजे आणि झाड जिवंत राहिलं पाहिजे. या दोन्हींच्या मधल्या जागेत काम करायचं आहे.

कुठलं झाड घ्यायचं

छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून घेर मोजा. ४० सेंटिमीटरच्या आत असेल तर थांबा. चांगल्या जमिनीत पाच-सहा वर्षांत इतका घेर येतो, पण वय बघू नका, घेर बघा. विकणारे वय सांगतात कारण वय कागदावर लिहिता येतं.

इथे साँचीचे दोन प्रकार लोक ओळखतात. भोला साँची भराभर वाढते, लाकूड हलकं. जाती साँची सावकाश वाढते, पण तिच्यात अगर चांगलं धरतं असा इथला अनुभव. तुमच्या रोपवाटिकेने काय दिलंय हे तुम्हाला बहुधा माहीत नसेल. एकाच बागेत काही झाडं सरसर वर गेली असतील आणि काही बेताची राहिली असतील, तर दोन्ही प्रकारची थोडी थोडी निवडा. सगळ्या बागेला एकदम भोकं पाडू नका. दहातलं एक झाड घ्या, निकाल बघा, मग बाकीच्यांकडे वळा. रोपवाला म्हणेल एकदम केलं तर मजुरी वाचते. मजुरी वाचते हे खरं आहे. बागही जाऊ शकते.

पानं नीट बघा. अगराचा मोठा शत्रू म्हणजे पानं खाणारी अळी, हिओर्शिया व्हिटेसॉइडिस. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके घालते, अळ्या घोळक्याने खातात आणि बघता बघता झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. झाड बहुतेक वेळा पुन्हा फुटतं, पण त्या फुटव्यात साठवलेलं पिष्ट खर्ची पडतं. असं खाल्लं गेलेलं झाड त्या हंगामात सोडून द्या. नवी पालवी येऊन, पानं जून, गडद हिरवी होईपर्यंत त्याला सुई लावायची नाही. अंड्यांचे पुंजके दिसले की पानासकट तोडून साबणाच्या पाण्यात टाका. अळी कोषात जायला मातीत उतरते, म्हणून बुंध्याभोवतीची माती उकरून कोंबड्या सोडल्या तर त्या बरंच काम करतात. आमच्याकडे हे औषध वर्षभर फुकट चालू असतं.

झाडाच्या पोटात पिष्ट आहे का हे तपासायची सोपी युक्ती आहे. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा. पहिलं भोक पाडताना जो ओला पांढरा भुसा निघेल, त्यावर एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर पिष्ट आहे, पुढे चला. नुसता पिवळट-तपकिरीच राहिला तर ते झाड सोडा, शेणखत घाला, पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पुढच्या वर्षी बघा.

कधी

मी काती बिहूनंतर करते, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य उलटल्यावर. पाऊस मागे गेलेला असतो, माती अजून ओली असते, झाडाने पावसाळाभर पानं पोसलेली असतात. भर पावसात भोकांत पाणी साचतं, घातलेली बुरशी वाहून जाते आणि नको त्या बुरश्या, जिवाणू आत शिरतात. कोकणातही हाच काळ बरा पडेल. फक्त तिकडे डिसेंबर ते मे पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे टोचलेल्या झाडांना उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल. जखमी झाड तहानलेलं राहिलं तर वरचा शेंडा वाळायला लागतो.

भोक पाडणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

बॅटरीवरचं ड्रिल चालेल. सुताराचं हातगिरमिट असेल तर तेही उत्तम, किंबहुना पहिल्या काही झाडांना हातगिरमिटच वापरा. लाकडाचा दाब हाताला कळतो. ६ ते ८ मिलिमीटरचं पातं घ्या, नवं, धारदार. बोथट पातं लाकूड कापत नाही, घासतं, तापतं आणि भोकाच्या कडेच्या पेशी भाजून मारतं. मेलेली कड म्हणजे वाया गेलेलं भोक. म्हणून मशीन हळू फिरवा, मधे मधे पातं बाहेर काढून भुसा झाडा. भुसा पांढरा आणि ओलसर आला पाहिजे. करपल्याचा वास आला की थांबा.

अगराची साल दोरखंडासारखी चिवट. याच सालीवर पूर्वी आसामात पोथ्या लिहीत, सत्रांमध्ये, म्हणजे इथल्या वैष्णव मठांमध्ये, त्या साँचीपातावरच्या पोथ्या अजून जपलेल्या आहेत. ड्रिल थेट सालीवर टेकवलंत तर तिचे धागे पात्याला गुंडाळले जातात आणि साल उसवते. आधी धारदार चाकूने रुपयाएवढा सालीचा तुकडा काढा, मग लाकडात शिरा.

खोली किती? त्या उंचीवर खोड जितकं जाड, त्याच्या एक तृतीयांश. पात्यावर रंगीत चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा म्हणजे मजूर चुकत नाही. मधोमध आरपार जाण्यात काही शहाणपण नाही. भोक आतल्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे घातलेलं द्रावण बाहेर सांडत नाही.

आता मांडणी. राळ लाकडाच्या दोऱ्याच्या दिशेने, म्हणजे वर-खाली बरीच पसरते. आडवी मात्र फार कमी. त्यामुळे एकाच उभ्या रेषेत जवळ जवळ भोकं पाडली तर ती एकमेकांचीच जागा खातात. जमिनीपासून अर्धा मीटर सोडून सुरुवात करा. पहिलं भोक पाडलं की दुसरं २० सेंटिमीटर वर आणि बुंध्याभोवती थोडं सरकवून, तिसरं आणखी वर आणि आणखी सरकवून. असा जिना खोडाभोवती फिरत वर गेला पाहिजे. जाड खोडाला दोन जिने एकमेकांसमोरून सुरू करता येतात. आधी खडूने खुणा करा, लांब उभं राहून बघा, मगच मशीन उचला.

एकाच उंचीवर गोल भोकं कधीही पाडायची नाहीत. इथे एप्रिलमध्ये वादळं येतात, बरदैशिला म्हणतात त्यांना. एका पातळीवर पोखरलेलं झाड त्या वाऱ्यात बरोबर त्याच रेषेवर मोडतं. कोकणातलं मेमधलं वळवाचं वारं काही त्याहून गरीब नसतं.

प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा. एका झाडाची कूज दुसऱ्याला लावायची नाही. अगराच्या झाडावर विड्याचा वा मिरीचा वेल चढवला असेल तर तो आधी उतरवून घ्या. वेलाखाली भोक पाडलंत तर पुढे काय चाललंय ते दिसतच नाही.

भोकात काय घालायचं

नुसतं भोक पाडून सोडलं तरी काही दिवसांत हवेतल्या बुरश्या शिरतात, भोवती तपकिरी कड धरते. पण ती कड बारीक राहते आणि कुठे धरेल, कुठे नाही, याचा नेम नसतो. म्हणून ओळखीची बुरशी घालायची. फ्युझेरियम गटातल्या बुरश्यांवर याबाबत बरंच काम झालंय. जोरहाटची वर्षावन संशोधन संस्था, जी भारतीय वानिकी संशोधन परिषदेखाली येते, अगराच्या कृत्रिम लागणीवर काम करते. पहिल्यांदा करणाऱ्याने अशा सरकारी संस्थेकडूनच विचारून घ्यावं.

बाजारात खासगी बाटल्याही भरपूर आहेत. विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा: यात कुठली बुरशी आहे, कधी तयार केली, कुठल्या जातीच्या झाडावर तपासली, आणि तपासलेलं झाड तोडून दाखवाल का. आसामातलं झाड ॲक्विलॅरिया मॅलाकेन्सिस. व्हिएतनाम-थायलंडकडे ॲक्विलॅरिया क्रास्नाची लागवड होते, चीनमध्ये सायनेन्सिसची. एका जातीवरचा निकाल दुसरीवर तसाच येईल असं नाही. "फॉर्म्युला गुप्त आहे" असं उत्तर आलं की चहा पिऊन घरी या.

बाटली थंड जागी ठेवा, उन्हात गाडीच्या टपावर नेऊ नका. आत जीव आहे. वापरण्याआधी हलवा, स्वच्छ सिरिंजमध्ये भरा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधा. बुरशीचे बीजाणू तुमच्या फुप्फुसांसाठी नाहीत. किती घालायचं हा भाच्याचा प्रश्न. उत्तर साधं आहे: भोकात मावेल तितकं. ८ मिलिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल भोक म्हणजे जेमतेम अडीच मिलिलिटर. त्याहून जास्त ढोसलंत तर ते खोडावरून ओघळून मुंग्यांना जाईल. डोसाचा विषय इथे संपला.

इथली जुनी रीतही सांगून ठेवते. धरलेल्या झाडाच्या लाकडाची बारीक ढलपी काढायची आणि निरोगी झाडाच्या ताज्या भोकात घट्ट बसवायची. प्रयोगशाळा नव्हती तेव्हा लोक हेच करायचे, अजूनही करतात. निकाल झाडागणिक वेगळा येतो, कारण त्या ढलपीत नक्की कोण राहतंय हे कोणाला माहीत नसतं. पण खर्च शून्य, आणि तुलनेसाठी दोन झाडांवर करून बघायला हरकत नाही. अट एकच, धरलेलं लाकूड तुमच्या जवळपास मिळालं पाहिजे.

भोक उघडं ठेवायला मऊ प्लास्टिकच्या नळीचे तुकडे वापरा. मिनेसोटा विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्लँचेट यांनी व्हिएतनाममध्ये लागवडीच्या झाडांवर काम केलं. भोकात नळी बसवायची, म्हणजे साल मिटून येत नाही आणि आत हवा खेळती राहते. त्याचं अमेरिकन पेटंट २००५ सालचं. तुम्हाला त्यांचा संच विकत घ्यायची गरज नाही, तत्त्व घ्या. नळीला बाजूने बारीक छिद्रं पाडा, आतलं टोक भोकात, बाहेरचं बोटभर बाहेर आणि खाली वाकलेलं, म्हणजे पाऊस आत जात नाही. चिनी संशोधकांनी दुसरा मार्ग काढला. सलाईनच्या पिशवीसारखी पिशवी झाडाला टांगतात आणि द्रावण थेंबथेंब झाडाच्या रसाबरोबर वर पोचवतात, म्हणजे सगळ्या खोडात एकाच वेळी राळ धरते. ऐकायला छान. पण द्रावण काय, किती, किती वेगाने, हे चुकलं तर सगळं झाडही एकाच वेळी जातं. घरच्या बागेत मी ते करणार नाही.

खिळ्यांबद्दल लोक फार विचारतात. बांगलादेशात मौलवीबाजार जिल्ह्यातल्या बारलेखा भागात अगर-अत्तराचा मोठा धंदा आहे आणि तिथे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लोखंडी खिळे ठोकलेली झाडं दिसतात. खिळ्याभोवती काळं होतं, तेल निघतं, लोक जगतात. पण त्या काळ्यात गंजाचाही काळा असतो, कड अगदी बारीक असते, आणि नंतर प्रत्येक खिळा उपटल्याशिवाय पटाशी लावता येत नाही. मजुरी स्वस्त आणि सगळं लाकूड भट्टीलाच जायचं असेल तिथे ते परवडतं.

आणि रसायनं. फॉर्मिक ॲसिड, मीठ, हायड्रोजन पेरॉक्साइड, फेरिक क्लोराइड, काय काय घालतात. सहा महिन्यांत लाकूड काळं झालं म्हणून फोटो पाठवतात. ॲसिडने मेलेलं लाकूडही काळं होतं. त्यात राळ किती आणि करपलेपण किती, हे निखाऱ्यावर टाकल्याशिवाय कळत नाही. टाकलंत की नाकात आंबट, बोचरा धूर जातो. हे लाकूड लोक घरात जाळून हुंगणार आहेत, हे विसरू नका. त्यात ॲसिड भरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पण माझ्या बाडीत त्याला येऊ देत नाही.

टोचल्यानंतर

इथे द्राक्षवाल्याचे आणि सुपारीवाल्याचे हात आवरावे लागतात. झाडाला जखम दिसली की आपल्याला बोर्डो पेस्ट लावायची सवय. इथे लावायची नाही. आपणच बुरशी घातली आणि आपणच बुरशीनाशक चोपडलं, असं होईल. कोकणात सुपारीवर कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडाला बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. अगर त्याच बागेत असेल तर त्याचे तुषार आणि पानांवरून गळणारं पाणी थेट भोकांत जाणार. फवारणीच्या दिवशी टोचलेल्या बुंध्यांना प्लास्टिक गुंडाळा आणि फवारा वाळला की लगेच काढा. शेण-मातीचा लेपही नको. भोक मिटलेलं चालत नाही.

झाडाला बाकी सगळं द्या: शेणखत, आच्छादन, पाणी. पानं थोडी पिवळी पडतील, काही गळतील, ते ठीक आहे. शेंडाच वाळायला लागला, किंवा भोकांतून दुर्गंधीचं पाणी झिरपायला लागलं, तर त्या झाडाला आता नवी भोकं नकोत. झाड घाव सोसत असताना आणखी घाव घालणं हा लागवडवाल्यांचा आवडता उद्योग आहे. फोन येतो, "आत्या, तीन महिने झाले, काहीच दिसत नाही, अजून मारू का?" नको मारू. चहाचा मळा रोज तोडता येतो, अगराला रोज उकरून बघता येत नाही.

सहा महिन्यांनी एकदा तपासा. जुन्या भोकाच्या चार बोटं वर, त्याच उभ्या रेषेत, अगदी बारीक पात्याने छोटं भोक घ्या आणि भुसा पांढऱ्या कागदावर पसरा. पांढराच आला तर राळ तिथवर पोचलेली नाही. तपकिरी, किंचित चिकट आला तर धरलंय. तो भुसा धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाका. राळ असेल तर आधी बुडबुड्यांसारखी फुलते, मग गोडसर, जड वास येतो आणि खोलीत रेंगाळतो. नुसत्या जळक्या लाकडाचा वास आला तर अजून वाट बघा. कुबट वास, भुसभुशीत, स्पंजासारखं लाकूड आणि पांढरे तंतू दिसले तर ती कूज आहे.

पुढेमागे झाड फोडाल तेव्हा भोकाभोवती हे थर स्पष्ट दिसतील. अगदी आत कुजका, ठिसूळ भाग, त्याच्या बाहेर गडद राळेचा पट्टा, मग फिकट तपकिरी, मग पांढरं. तुमची कमाई त्या मधल्या पट्ट्यात आहे. तो रुंद व्हायला वेळ लागतो. दोन वर्षांच्या आत तोडू नका, तीन झाली तर फार बरं. पहिल्या वर्षानंतर झाड तरतरीत असेल तर जुन्या जिन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दुसरी फेरी घेता येते. एकदम सगळी भोकं पाडण्यापेक्षा झाडाला ते झेपतं.

तोडताना आणि विकताना

आधी एकच झाड तोडा. मुळांसकट काढा, बुडख्यातही अगर असतं. भोकांच्या जागी आडवे काप घेऊन लाकूड दोऱ्याच्या दिशेने फोडा आणि पटाशीने पांढरं तासत जा. गोलाघाटचे कारागीर हे तासन् तास बसून करतात आणि काळ्याचा कण वाया जाऊ देत नाहीत. सगळ्यात गडद ते काळं अगर, जाळण्यासाठी चिप्स म्हणून जातं. तपकिरी, विरळ राळेचं लाकूड ते बोया, ते तेलासाठी. ते बारीक करून काही दिवस ते काही आठवडे पाण्यात भिजवतात आणि मग भट्टीवर ऊर्ध्वपातन करतात. शंभर किलो लाकडामागे तेल ग्रॅममध्ये मोजायचं असतं.

किलोला लाखो हा जो भाव तुम्ही ऐकलाय, तो रानात वर्षानुवर्षं मुरलेल्या काळ्याचा. लागवडीच्या, टोचलेल्या झाडाचा बहुतेक माल बोयाचा निघतो. हे धरूनच हिशोब मांडा. तोही वाईट धंदा नाही, पण जाहिरातीतला नाही.

इथे उभं झाड विकायची पद्धत आहे. व्यापारी येतो, बुंध्यावर हातोडी ठोकतो, चाकूने टवका काढतो, शेंड्याकडे बघतो आणि आकडा सांगतो. त्याला झाडाच्या आतलं तुमच्याहून जास्त कळतं, म्हणून तर तो व्यापारी. पहिलं झाड स्वतः तोडून बघितलं असेल तर पुढच्यांचा सौदा तुम्हाला डोळसपणे करता येईल. आसामात होजाई हे या व्यापाराचं मोठं गाव. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या अत्तरवाल्यांकडे ऊद म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच या बाजूचं असतं. माल घेऊन एकदा त्या दुकानांतून फिरून या, निखाऱ्यावर टाकून दाखवा. ते खरेदी करोत न करोत, दर्जा काय ते तोंडावर सांगतात.

आता कागद. ॲक्विलॅरिया मॅलाकेन्सिस १९९५ पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २००५ पासून या वंशातल्या सगळ्याच जाती. म्हणजे परवान्याशिवाय तेलाची बाटलीसुद्धा देशाबाहेर जात नाही. २०२४ मध्ये भारताच्या वाट्याला वर्षाला १,५१,०८० किलो चिप्स व भुकटी आणि ७,०५० किलो तेल असा निर्यात कोटा आला. आसामने २०२० मध्ये आणि त्रिपुराने २०२१ मध्ये अगरासाठी स्वतंत्र धोरण आणलं. लागवडीचा माल रानातून चोरलेला नाही हे दाखवायची जबाबदारी तुमचीच. रोपांची पावती जपून ठेवा. झाडं किती आणि कुठल्या गटात, याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. आणि कुऱ्हाड लावण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन तोडीचे आणि वाहतुकीचे कागद कोणते लागतील ते लेखी विचारा. हे काम टोचण्याच्या वर्षीच सुरू करा, राळ धरायला जेवढा वेळ लागतो तेवढा कधी कधी कागदालाही लागतो.